हाताखालचा माणूस

अमेरिकेतल्या कॉलेजात बेसबॉलचा सहायक प्रशिक्षक असणं ही चांगली पूर्णवेळ नोकरी असते, हे पौडच्या एसटी स्टँडवर कुणाला तरी पटवून दाखवावं.
"पोरगा काय करतो?"
"कॉलेजात पोरांना चेंडू मारायला शिकवतो."
"सर हाये व्हय?"
"नाही, सरांच्या हाताखाली."
"म्हंजे अजून लागला न्हाय."
पुढची चर्चा पावसावर जाते.

तो मात्र बिचारा भलताच लागलेला असतो. फंगो नावाची एक लांब, बारीक, हलकी बॅट असते. सामन्यात तिचा उपयोग शून्य. क्षेत्ररक्षकांना सरावासाठी चेंडू टोलवून द्यायला ती असते, आणि ती धरायला हा. हंगामात ५६ पर्यंत सामने. उन्हाळ्यात सगळे सुट्टीवर गेले, की हा वेग मोजायचं यंत्र घेऊन गावोगावी शाळकरी पोरांची फेक पाहत हिंडतो. बेसबॉलची गंमत अशी, की प्रशिक्षकही खेळाडूंसारखाच गणवेश घालतो. पाठीवर नंबर, डोक्यावर हेल्मेट, आणि काम काय, तर पहिल्या बेसपाशी उभं राहून "पळ" म्हणायचं आणि पोरांनी काढून दिलेले हातमोजे सांभाळायचे. साठीला आलेला क्रिकेट प्रशिक्षक पॅड बांधून सीमारेषेवर उभा राहिलेला डोळ्यांसमोर आणा.

बढतीचा मार्गही अजब. मुख्य प्रशिक्षकाची उचलबांगडी झाली, की बहुतेक वेळा हाताखालच्यांनाही बिऱ्हाड बांधावं लागतं. वरच्या श्रेणीच्या विद्यापीठांत कित्येक वर्षं दोनच सहायकांना पगार मिळे. तिसरा नियमानंच 'स्वयंसेवक'. काम तितकंच, पगाराची मनाई, पोट शिबिरांवर. ही पगारबंदी १ जुलै २०२३ला उठली. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आपल्या मंडळींना हे वाचून परदेशी नातेवाईक सापडल्यासारखं वाटेल.

आपल्याकडे ही भानगडच नाही. आपल्या कॉलेजात खेळ शिकवणारा माणूस पहिल्या दिवसापासून 'शारीरिक शिक्षण संचालक' असतो. संचालक! कबड्डी, खो-खो, बुद्धिबळ, भालाफेक आणि विद्यापीठाचं पत्रक आलं तर बेसबॉलसुद्धा, सगळ्याचं संचालन एकटाच करतो. हाताखाली एक शिट्टी आणि कपाटाची किल्ली. तिकडे एका खेळाला चार माणसं, इकडे एका माणसाला चौदा खेळ. त्याला बढती द्यायची तरी कुठली? तो आधीच शिखरावर बसलाय.

पौडच्या मुळशी तालुक्याला मात्र हाताखालचा माणूस माहीत नाही असं नाही. तो तालमीत असतो. वस्तादांचं नाव बाहेर पाटीवर; पहाटे हौद्यातली माती उकरणारा, तिच्यात तेल, ताक, हळद बरोबर पडलीय का बघणारा, पोरांकडून जोर-बैठका काढून घेणारा आणि थंडीत उठायला कुरकुरणाऱ्याच्या अंगावरची चादर ओढणारा, तो हा. मोठ्या कुस्त्या लढायचं वय सरलेलं, वस्ताद म्हणवून घ्यायचं अजून आलेलं नाही. जत्रेत रेवड्यांच्या कुस्त्यांपासून हा फडाच्या कडेला बसतो. आपल्या पोराला तोलाचा जोड मिळावा म्हणून पंचांशी हुज्जत घालतो. "आरं, पट काढ, पट!" असं ओरडून घसा बसवून घेतो. पोरगं जिंकलं, की फेटा पोराला आणि नमस्कार वस्तादांना. याला गुलालाची धूळ. अमेरिकन सहायकाशी तुलना केली, तर एका बाबतीत हा सुखी: वस्ताद बदलला म्हणून याला तालुका सोडावा लागत नाही.

कुस्तीचा पसारा कडेला उभ्या माणसांवरच चालतो. मुठा गावचे मामासाहेब मोहोळ यांच्या नावाची गदा आजही महाराष्ट्र केसरीच्या खांद्यावर चढते. खाशाबा जाधवांचं १९५२चं हेलसिंकीचं कांस्यपदक शाळकरी पोरालाही पाठ असतं. प्रवासासाठी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे करणारे राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर थोड्यांना. आणि १९४८च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांची तयारी करून घेणारे रीस गार्डनर? ते तर अमेरिकनच. म्हणजे ही कडेला उभ्यांची जात तिकडून इकडे पूर्वीच येऊन गेलेली आहे.

मुळशी तालुक्यातल्याच म्हाळुंगेला १९९४च्या राष्ट्रीय खेळांसाठी भलंमोठं क्रीडासंकुल उभं राहिलं. हिंजवडीत जागेचे भाव चढले, तशा काचेच्या जिमही आल्या. तिथं टी-शर्टच्या पाठीवर 'कोच' छापलेला मुलगा भेटतो. त्याचं मला वाईट वाटत नाही. निदान त्याच्या हुद्द्याला पाठीवर जागा तरी मिळाली. वाईट वाटतं ते संचालक सरांचं. कॉलेजांना माझी एवढीच विनंती आहे: सरांना आणखी एखादं पद देऊ नका, हाताखाली एक माणूस द्या. आणि त्याला पगारही द्या.