विणकाम-उद्योग: नवशिक्यांसाठी सोपी कृती (वारजे आवृत्ती)

साहित्य: दहा नंबरच्या सुयांची एक जोडी, बॉर्डरसाठी बारा नंबरची एक, दोनशे ग्रॅम बेबी वूल, मोठ्या नेढ्याची सुई, आणि घरात एक तरी माणूस, ज्याने "हा पसारा ठेवणार कुठे?" असं विचारायला हवं. हा शेवटचा जिन्नस विकत आणावा लागत नाही.

सुयांचा नंबर आधी डोक्यात पक्का करा. आपल्याकडे आकडा वाढला की सुई बारीक होते. दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकेतल्या बाई व्हिडिओत दहा नंबर म्हणतात तेव्हा त्यांच्या हातात सहा मिलिमीटरची सुई असते. तिने बाळाचा स्वेटर विणलात, तर तो बाळाच्या बाबांना होईल. दुकानात सुया बहुधा पोनीच्या मिळतील. त्या निलगिरीत तयार होतात, जिथे थंडी असते. तुम्हाला त्या वारज्यात चालवायच्या आहेत, मे महिन्यात, पंख्याखाली.

लोकरीसाठी तुळशीबाग गाठा आणि लागेल तेवढी एकदमच घ्या. गोळ्यावरच्या कागदी पट्टीवर शेडशेजारी लॉट नंबर छापलेला असतो, तो प्रत्येक गोळ्याचा जुळवून बघा. "एक गोळा नंतर नेईन" म्हणणाऱ्यांच्या स्वेटरची डावी बाही लिंबासारखी होते आणि उजवी हळदीसारखी. शिवाय ही लोकर ॲक्रिलिकची असते, तिचा मेंढीशी काही संबंध नाही. गिऱ्हाइकाने विचारलं तर तसं स्वच्छ सांगा: टोचत नाही, धुवायला सोपी. त्यावर कोणी नाक मुरडलं, तर दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी दाखवा आणि तान्ह्या बाळाला गुंडाळायला सुचवा.

आता विणा. पहिली सुई सुलट, दुसरी उलट, पुन्हा तेच. इथपर्यंत व्हिडिओ पुरतो. मग पाच ओळी खाली एक टाका गळलेला दिसतो आणि व्हिडिओतल्या बाई हसतमुखाने पुढे निघून जातात. अशा वेळी सोसायटीच्या बाकावर बसणाऱ्या आजी शोधा. त्या चष्मा वर सारतील, क्रोशाची सुई मागतील, गळलेल्या टाक्यात ती घालून शिडीसारखे दिसणारे आडवे धागे खालून वर एकेक ओढतील आणि टाका जागेवर बसवून "धागा फार आवळतेस" म्हणतील. हे त्यांना तुमच्या विणीवरून कळलं. आजींची फी ठरवा. त्या नको म्हणतील, तरी ठरवा.

यानंतर किंमत, म्हणजे जिथे बहुतेक उद्योग बुडतात ती जागा. स्वेटर, टोपी आणि मोजे, असा बाळाचा एक सेट धरा. लोकर दोनशे रुपयांची, हात बरा चालत असेल तर वीस तास. तासाला पन्नास लावलेत तर होतात 1200. गिऱ्हाईक म्हणेल, मशीनचा अडीचशेला मिळतो. खरंच मिळतो, लुधियानाशी भांडू नका. तुम्ही मनाने मऊ, म्हणून पाचशेला दिलात. तासाला पडले पंधरा रुपये, म्हणजे कोपऱ्यावरचा एक चहा. "घरी बसूनच तर करता, टीव्ही बघता बघता" हे वाक्य ऐकू आलं की आणखी शंभर वाढवा. आपल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या बाळंतविडे फुकट विणले, म्हणून ही कला घरोघरी पोचली. आणि फुकट विणले, म्हणूनच आज तिचा भाव कोणालाच माहीत नाही. चुलत नणंदेला नकार देता येत नसेल, तर लोकर तिलाच आणायला सांगा. निम्म्या नणंदा इथेच गळतात.

सरकारदरबारी नोंद करायची असेल तर उद्यम नोंदणी फुकट होते. वार्षिक उलाढाल दहा कोटींच्या आत असली की तुम्ही सूक्ष्म उद्योग; काळजी नको, असेल. 2023 साली आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत मात्र अठरा व्यवसाय आहेत, त्यांत स्वेटर विणणारी नाही. मासेमारीचं जाळं विणणारा आहे. मुठा जवळच आहे, विचार करून बघा.

विक्रीसाठी थंडीवर विसंबू नका. पुण्याची थंडी डिसेंबर-जानेवारीत चार दिवस मिरवते आणि तोवर तिबेटी विक्रेत्यांचे स्टॉल लागलेले असतात. भीमथडी जत्रेत लोक हात लावून "किती छान!" म्हणतात आणि मांडे खायला पुढे जातात. तुमचं खरं गिऱ्हाईक आहे मुलीच्या बाळंतपणाला टोरांटोला निघालेली आई. तिने तरुणपणी स्वतः विणलेलं असतं, आता बोटं दुखतात. ती स्वेटर उलटा करून आतली शिवण बघते, टोकं नीट लपवलीत का ते तपासते, आणि भाव करत नाही. बॅगेला तेवीस किलोची मर्यादा असते, तिथे लोकर परवडते.

तिची ऑर्डर घेताना प्रसूतीची नव्हे, विमानाची तारीख विचारा. सोबत चिठ्ठी द्या: ड्रायरमध्ये टाकू नये, गरम इस्त्री लावू नये. आणि तिने "मलाही परत शिकवाल का, वेळ जात नाही हो तिकडे" असं विचारलं, तर हो म्हणा. फी आगाऊ घ्या.