हेडफोनच्या खोक्यावरील थोर साहित्यिकास खुले पत्र

प्रति,
हेडफोनच्या खोक्यावरील मजकुराचे अनाम लेखक,
मुक्काम : जिथे वीज जात नाही असे कोणतेही शहर

विषय : आपल्या साहित्यसेवेचा गौरव आणि जाता जाता काही शंका
संदर्भ : आपलेच खोके, पुढची बाजू ठळक अक्षरांत, मागची बाजू भिंगातून

सन्माननीय महोदय,

सा. न. वि. वि.

एप्रिल 2022 मध्ये आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला, 95वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. भारत सासणे अध्यक्ष होते. त्यांच्याविषयी आमची काहीच तक्रार नाही. पण त्या वेळी आपले नाव कुणालाच कसे सुचले नाही, हे कोडे अजून सुटलेले नाही. कादंबरीकार मंडळी चारशे पाने खर्ची घालतात तेव्हा कुठे वाचकाच्या डोळ्यांत पाणी येते. आपण टीचभर पुठ्ठ्यावर, सहा ओळींत, आठशे नव्व्याण्णव रुपयांत ते काम करता. शिवाय आपला वाचक पुस्तक उसने मागत नाही, रोख मोजतो.

हा वाचक कोण, हे आपल्याला कळावे म्हणून थोडी ओळख करून देतो. नांदेडला तरोडा, भाग्यनगर, श्रीनगर या भागांत दोन खोल्यांच्या घरात तो राहतो. बाहेरच्या खोलीत वडील, आतल्या खोलीत आई आणि आजी, आणि मधल्या दारात हा. लातूरला तो ट्यूशन एरियात भाड्याच्या खोलीत असतो. तिथे तीन कॉट : एकावर झोपलेला, दुसऱ्यावर बायोलॉजीचे प्रश्न सोडवणारा, तिसऱ्यावर 'आज अर्धाच पिक्चर बघतो' म्हणणारा. दोन्हीकडे माणसाची हक्काची वेळ रात्री अकरानंतर सुरू होते. स्वतंत्र खोली ऐपतीबाहेरची आहे. हजारभर रुपयांत रात्रीपुरती एक मिळते, ती कानाला लावायची असते, एवढाच फरक. त्यामुळे आपण पुठ्ठ्यावर काय लिहिता याला आमच्या लेखी भाडेकराराइतके वजन आहे.

आणखी एक. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम सांगतात, की निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा 45 डेसिबल. डीजे, वराती आणि वाढदिवसाचे फटाके यांना हा नियम अजून कुणी वाचून दाखवलेला नाही. तो मनोभावे पाळणारा वर्ग एकच : हेडफोन लावून खेळणारी पोरे. मध्येच 'अबे मागून आला, मागून!' असे ओरडतात, तेवढे सोडून द्या. अशा कायदाप्रेमी नागरिकांना आपण काय देता, ते आता क्रमाने पाहू.

आपली '7.1 सराउंड' ही कथा आम्ही भक्तिभावाने वाचली. सात स्पीकर आणि एक सबवूफर मिळून 7.1 होतात, हे आम्हाला ठाऊक आहे. आपल्या हेडफोनमध्ये डोकावून पाहिले, तर डाव्या कानाला एक आणि उजव्या कानाला एक, असे दोनच निघाले. उरलेले सहा मागच्या बाजूला बारीक टायपात सापडले : संगणकाला यूएसबीने जोडा, सॉफ्टवेअर टाका, म्हणजे त्यांचा भास होईल. मोबाईलच्या 3.5 मिलिमीटरच्या पिनेत भाससुद्धा नाही. तसे निसर्गानेही दोनच कानांवर भागवले आहे. डावीकडचा आवाज उजव्या कानात पोचायला सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी उशीर होतो, आणि तो किंचित दबतो. तेवढ्यावर मेंदू दिशा ओळखतो. बीजीएमआय या मोबाईल गेममध्ये शत्रू कोणत्या जिन्यावरून येतो आहे, हे कळायला दोन्ही बाजू सारख्या वाजणारा साधा स्टिरिओ पुरतो. सात जणांचे काम दोघे करत असतील, तर सातांचे पैसे कशाला?

तरीही आपली सर्वश्रेष्ठ कलाकृती 'ईएनसी'च. दुकानात उभा असलेला माणूस 'नॉइज कॅन्सलेशन' हे दोन शब्द वाचतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर घरचा कूलर येतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. खिडकीतला पत्र्याचा कूलर रात्रभर घरघरत असतो, आणि त्या घरघरीत नायिका नायकाला नेमके काय म्हणाली, ते कळत नाही. माणूस आशेने खोके घरी आणतो, हेडफोन लावतो, तर कूलर जिथल्या तिथे. कारण ईएनसी असते माइकसाठी. तिच्यामुळे आमचा कूलर परभणीत बसलेल्या टीममेटला ऐकू जात नाही. म्हणजे पैसे आम्ही मोजले आणि शांतता त्याला मिळाली! आमच्या स्वतःच्या कानांसाठी असते ती 'एएनसी'. ती बाहेरचा आवाज टिपून त्याच्या उलट लहर कानात सोडते. कूलर, पंखा, एसटीचे इंजिन अशा एकसुरी, खालच्या पट्टीतल्या आवाजावर ती चांगली चालते. माणसाच्या आवाजापुढे मात्र तिची मात्रा फारशी चालत नाही. आतल्या खोलीतून 'झोपायलास का नाही रे?' असे आले, की ते स्पष्ट ऐकू येते.

हजाराच्या आतबाहेर खरेदी करणाऱ्याने एएनसीचा नाद सोडावा आणि कानात नीट बसणारा इअरफोन पाहावा, हे आम्ही एव्हाना शिकलो आहोत. खोक्यात रबरी टोकांच्या बहुधा तीन मापांच्या जोड्या असतात. आधीच लावून आलेली मधली जोडी लोक मरेपर्यंत वापरतात आणि बाकीच्या दोन पिशवीसकट हरवतात. योग्य मापाचे टोक कानात बसले, की बॅटरीशिवाय बराच आवाज बाहेर राहतो. हे आपण पुढच्या बाजूला का छापत नाही? फुकट असते म्हणून?

आता 'अल्ट्रा लो लेटन्सी'. साधे ब्लूटूथ आवाज बांधते, पाठवते, पुन्हा सोडवते आणि मग कानात टाकते. यात सेकंदाचा पाचवा-सहावा भाग सहज जातो. पडद्यावर सेकंदाला 60 चित्रे सरकत असतात. गोळी दिसल्यावर दहा-बारा चित्रांनी ऐकू येते, तोवर आम्ही लॉबीत परत आलेलो असतो. सिनेमाला हा उशीर बाधत नाही, कारण व्हिडिओचे बहुतेक अ‍ॅप आवाजाच्या हिशेबाने चित्रही थोडे थांबवून दाखवतात. गेमला तशी सोय नाही. बोट आत्ता दाबले, तर गोळी आत्ताच सुटायला हवी. आपल्या 'गेम मोड'ने उशीर कमी होतो, हे मान्य. पण मित्राशी बोलायला माइक चालू केला, की पुष्कळ फोन-हेडफोनच्या जोड्या कॉलच्या पद्धतीवर उतरतात. मग सगळे रणांगण जुन्या ट्रंक कॉलसारखे ऐकू येते. आपण ठळक छापलेले '40 मिलिसेकंद' कोणत्या फोनवर आणि माइक चालू असताना की बंद, हे सांगायचे राहून गेले आहे.

म्हणून गेमला तारच बरी. पिनेवरचे काळे पट्टे मोजावेत : तीन असतील तर माइक आहे, दोन असतील तर फक्त ऐकायचे. संगणकाला माइक आणि आवाजाची भोके वेगळी असतील, तर जोडणारा छोटा स्प्लिटर लागतो. 2016 साली अ‍ॅपलने आयफोन 7 मधून हेडफोनचे भोकच काढून टाकले आणि मग इतरांनीही री ओढली. त्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, त्यामुळे या बातमीकडे आमचे जरा दुर्लक्ष झाले. आता भोक नसलेल्या फोनला टाइप-सीचा जोड लावावा लागतो. तोही आत डीएसी, म्हणजे डिजिटल आवाज कानाजोगा करणारी चिप, असलेला घ्यावा. काही फोन टाइप-सीच्या भोकातून थेट आवाज सोडत नाहीत, आणि बिनचिपचा स्वस्त जोड लावला तर निव्वळ मौन ऐकू येते.

'एक्स्ट्रा बेस' आणि '50 मिमी ड्रायव्हर' यांबद्दल काय बोलावे! नांदेडचे वजिराबाद घ्या, नाहीतर लातूरची गंजगोलाई. काउंटरवरचा पोरगा स्वतःच्या मोबाईलवर डीजेचे गाणे लावतो आणि म्हणतो, 'घ्या दादा, बेस लै कडक हाय.' काउंटर हादरते, गिऱ्हाईक खूश होते. रात्री घरी कळते, की त्या कडक बेसखाली पावलांचा आवाज आणि सिनेमातले दबके संवाद दोन्ही गाडले गेले. स्पीकर किती मिलिमीटरचा, यावर आवाजाची प्रत ठरत नाही. दुकानात जाताना आपल्याच फोनमध्ये कुजबुजीचा एखादा प्रसंग घेऊन जावा आणि तो ऐकावा. शब्द न् शब्द कळला तर घ्यावा. स्फोट सगळ्यांचे चांगलेच वाजतात.

दिव्यांविषयी तर आम्ही नतमस्तक आहोत. हेडफोन डोक्यावर, दिवे हेडफोनवर. ते पाहणार कोण? घालणारा सोडून सगळे. रात्री दोन वाजता अंधारात वडिलांना नेम धरायला सोपे जावे, हा उद्देश असेल तर सफल झाला आहे. वर ते दिवे पेटायला बहुधा वेगळी यूएसबी जोडावी लागते. त्याऐवजी कानावरच्या गादीकडे पाहिले असते, तर उपकार झाले असते. आपली ती 'प्रीमियम लेदर' गादी म्हणजे रेक्झीन. दोन उन्हाळ्यांचा घाम प्यायली, की तिचे पापुद्रे सुटतात आणि पोराच्या गालावर, कानामागे काळे ठिपके उमटतात. आजीला वाटते, सुनेने नजर लागू नये म्हणून तीट लावली. मराठवाड्यात विकायचे तर गादी कापडी हवी आणि सुटी मिळायला हवी. वजन अडीचशे ग्रॅमच्या आत असेल तर मानही दुवा देईल.

आता टिकाऊपणा. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारने पब्जी हा गेम बंद केला. जुलै 2021 मध्ये बीजीएमआय आला, जुलै 2022 मध्ये तोही गेला, मे 2023 मध्ये परत आला. या उलथापालथीत आमचा हेडफोन मात्र टिकून राहिला. म्हणजे उजवी बाजू टिकली. डावी मधल्या काळात गेली. वॉरंटी एक वर्षाची होती आणि तक्रार तेराव्या महिन्यात उद्भवली. बिघाड कुठे होता? पिनेपाशी, जिथे तार वाकते, तिथे. मोबाईल दुरुस्तीवाल्याने तार दोन बोटे कापली, सोलली, तांब्याच्या केसासारख्या बारीक तारा लायटरने किंचित जाळून वरचा मुलामा काढला, नवी पिन झाळली, आणि डावी बाजू बोलू लागली. ही सोय बिनतारी कळ्यांना, म्हणजे इअरबड्सना, नाही. त्यांची इवलीशी बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि ती उघडून बदलावी अशी रचनाच नसते. आपण छापलेले '100 तास*' तोवर संपलेले असतात. त्या तारकेचा पाठलाग केला तेव्हा खोक्याच्या बुडाशी उत्तर मिळाले : निम्म्या आवाजावर, इतर सोयी बंद ठेवून, प्रयोगशाळेत.

निम्म्या आवाजावरून आठवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत चालतो; दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते, आणि 90 डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात. आमचा गेमर कूलरवर मात करायला आवाज वाढवतो. चार तास तो दोन रात्रींत उडवतो. खोक्यावर 'थंडरिंग साउंड' लिहायला जागा होती, या दोन आकड्यांना नव्हती.

आपल्या धंद्याचे मूळ पुरुष नॅथॅनिएल बाल्डविन. अमेरिकेतल्या युटामध्ये ते घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन जुळवत. 1910 च्या सुमारास त्यांनी नमुना आणि सोबत एक पत्र अमेरिकी नौदलाला पाठवले. नौदलाने तो कानाला लावून तपासला आणि मग मागणी दिली. आधी कान, मग पैसे, असा तो जमाना होता. आपल्या प्रतिभेने हा क्रम उलटा केला.

तेव्हा विनंती अशी, की आपण एक मराठवाडा आवृत्ती काढावी. मजकूर आम्हीच देतो, मानधन नको :

'आत दोन स्पीकर आहेत. सात नाहीत.
माइकची शांतता समोरच्यासाठी. तुमच्यासाठी तीन मापांची रबरी टोके. तिन्ही लावून बघा.
गेमला तार. सिनेमाला ब्लूटूथ चालेल.
दिवे नाहीत. ते पैसे पिनेपाशी जाड तारेत घातले आहेत.
पाचशेचा तारेचा इअरफोन दोन्ही कामांना पुरत असेल, तर हे खोके परत ठेवा.
शेजारी कूलर असेल तर आवाज वाढवू नका, कूलर सरकवा.'

एवढे छापलेत, तर पुढच्या संमेलनाला आपले नाव आम्ही सुचवू. अनुमोदन द्यायला तिसऱ्या कॉटवरचा तयार आहे. त्याचा अर्धा पिक्चर संपत आला आहे.

कळावे, लोभ आहेच. वाढवायचा असल्यास किंमत कमी करावी.

आपला नम्र वाचक,
नांदेड*

*वरील सर्व स्तुती आदर्श परिस्थितीत, वीज असताना व घरचे झोपलेले असताना केली आहे. प्रत्यक्ष मत वेगळे असू शकते.