आतलं मला विचारा

आप्पांना कुणीही चहाला बोलवावं, कप हातात येण्याआधी त्यांचा कान त्या घरातल्या कॉम्प्युटरकडे गेलेला असतो. "पंखा ओरडतोय," एवढंच म्हणतात. मग शर्टाच्या ज्या खिशात बाकीचे लोक पेन लावतात, त्या खिशातून स्टारचा स्क्रू ड्रायव्हर निघतो.

साताऱ्यात आमच्या कॉलनीत आप्पा राहतात. एसटीच्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर हाताला ग्रीस लागेना म्हणून त्यांना झोप येईना. तेवढ्यात मुलानं लॅपटॉप घेतला आणि जुना डेस्कटॉप आप्पांच्या वाट्याला आला. तेव्हापासून आप्पा बरे आहेत.

आमचा कॉम्प्युटर गेल्या मे महिन्यात पंधरा मिनिटं चालून आपोआप बंद पडायला लागला. दुकानदारानं मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं, वर नव्याचा भावही सांगितला. आप्पांनी कॅबिनेटच्या मागे तळहात धरला, जसा तापाच्या पोराच्या कपाळावर धरतात. "मास्तर, इंजिन चांगलंय. रेडिएटर चोंदलाय."

वायरी काढायच्या आधी त्यांनी मला मागच्या बाजूचा फोटो काढायला लावला, म्हणजे लावताना भांडण नको. मग मेन बंद, पिन बाहेर, आणि तरीही समोरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं. "उरलासुरला करंट निघू दे." धूड बाल्कनीत नेलं. बोर्डाला हात लावण्याआधी आप्पांनी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोटं टेकवली. मला वाटलं नमस्कार करतायत. ते अंगातली वीज उतरवत होते. नंतर तीच बोटं कपाळालाही गेली, ही गोष्ट वेगळी.

प्रोसेसरवरचा पंखा सुटला आणि खाली गोधडी निघाली. खरंच गोधडी. धूळ, केस आणि कापसाचे तंतू पंख्याच्या हवेनं दाबून दाबून ॲल्युमिनियमच्या पात्यांवर असे बसले होते की आप्पांनी चिमटीत धरून ती अख्खी चौकोनी उचलली. कडेला झेंडूची एक वाळकी पाकळी होती. "खंडेनवमीची," आप्पा म्हणाले. "मास्तर, कुंकू कॉम्प्युटरवर वाहा. कॉम्प्युटरच्या आत नको." आईनं आतून ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

पुढचा तासभर सायकलचा पंप आणि रंगाचा नवा ब्रश. हवा मारताना पंख्याच्या पात्यात पेन्सिल अडकवलेली. मुलीनं पेन्सिल काढून पंखा गरगर फिरवल्यावर आप्पा असे ओरडले की समोरच्या इमारतीत खिडकी उघडली. फुकट फिरवला की बेअरिंग जातं, हे तिला आता कायमचं पाठ आहे. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट खडूसारखी वाळली होती. ती अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसून आप्पांनी नवी लावली, हरभऱ्याच्या डाळीएवढी. मी म्हटलं, जरा सढळ हातानं लावा. आप्पांनी माझ्याकडे मसाल्यात हात घालणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तसं पाहिलं.

रॅम काढून तिचे सोनेरी दात मुलीच्या कंपासमधल्या खोडरबरनं घासले आणि भुगा फुंकरीनं नाही, ब्रशनं झटकला. फुंकरीत थुंकी असते. पॉवर सप्लायच्या डब्याला मात्र आप्पांनी बाहेरूनच हवा मारली. "ह्याचं झाकण मी उघडत नाही आणि कुणाला उघडू देत नाही. पिन काढली तरी आत करंट मुरलेला असतो." ज्या माणसाचा हात कुठंच थांबत नाही तो इथं थांबला, म्हणून मी त्यांच्यावर विश्वास टाकला.

सगळं जोडलं, बटण दाबलं. पडदा काळा आणि आतून लांबलचक शिट्ट्या. माझ्या पोटात गोळा. आप्पांनी मान तिरकी करून ऐकलं आणि रॅम पुन्हा दाबली, दोन्ही कानांनी खट्ट होईपर्यंत. मशीन सुरू झालं ते १ जानेवारी २००९ या तारखेनं. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल मेला होता, तीन व्होल्टचा, सीआर २०३२. तो आप्पांच्या पाकिटात होताच, नातवाच्या फोटोमागे.

आता गंमत पुढे आहे. "आप्पा, तारीख तेवढी बरोबर करून द्या," मी म्हटलं. आप्पा खुर्चीतून उठलेच. "ते पडद्यावरचं पोरांना विचारा. आतलं मला विचारा."

आप्पांना कॉम्प्युटर वापरता येत नाही. त्यांच्या घरी काकूंनी विणलेल्या क्रोशाच्या झालरीखाली जे यंत्र आहे, त्याच्याइतकं स्वच्छ यंत्र मी जिल्ह्यात पाहिलेलं नाही, आणि ते वर्षातून दोनदाच सुरू होतं. एकदा खंडेनवमीला आणि एकदा १ जूनला, कारण १९४८ साली त्या दिवशी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. खोलायचं, पुसायचं, चालू होतंय बघायचं, बंद करायचं. मुलानं पाठवलेले फोटो बघायचे तर नातीला हाक मारतात.

मी हसलो तेव्हा काकू म्हणाल्या, त्यात नवीन काय? पंढरपूरच्या गाडीचं इंजिन ह्यांनी तीस वर्षं उघडलं. गाडी दुरुस्त झाली की डेपोच्या फाटकापर्यंत चालवून बघायची आणि ड्रायव्हरच्या ताब्यात द्यायची. पंढरपूर पाहिलं ते निवृत्तीनंतर, तेही काकूंनी ओढत नेलं म्हणून. आणि तिथं स्टँडवर उतरल्या उतरल्या, काकू म्हणतात, हे गाडीच्या खाली.

तुमच्याकडे डेस्कटॉप तापत असेल तर नवा घेण्याआधी कळवा. आप्पा पैसे घेत नाहीत. चहा दोनदा लागतो, बाल्कनी दोन तास मोकळी लागते, आणि तारीख आपली आपल्याला लावून घ्यावी लागते.