एक मॅट, तीन कोच

परीक्षा संपतात, भालकीचा पारा चाळिशी ओलांडतो आणि कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स चढतो : उन्हाळी कुस्ती शिबीर. वरच्या ओळी कन्नडमध्ये, मधे पाहुण्यांचे हात जोडलेले फोटो आणि अगदी खाली, फ्लेक्सवाल्याच्या मोबाइल नंबराला खेटून, टपाल तिकिटाएवढे तीन चेहरे. हे कोच. चेहरे दरसाल बदलतात, नग तेच राहतात : पीडी सर, एनआयएस आणि वस्ताद. माझं तर ठाम मत आहे, की शिबिरात खरी कुस्ती चालते ती या तिघांची. पोरं मधे सापडतात आणि सापडल्या सापडल्या चार डाव शिकून घेतात.

पीडी सर म्हणजे कॉलेजचे फिजिकल डायरेक्टर. त्यांचा स्वतःचा खेळ व्हॉलीबॉल. कुस्तीशी संबंध म्हणाल तर लहानपणी एका जत्रेत रेवड्यांवर कुस्ती धरली होती, रेवड्या दुसऱ्यानं खाल्ल्या. पण शिबीर उभं राहतं ते त्यांच्याच जिवावर. मॅटचे तुकडे कुणाच्या टेम्पोतून आणायचे, हॉलची किल्ली कुठल्या शिपायाच्या खिशात आहे, पाहुण्यांची शाल किती रुपयांपर्यंत चालेल, हे सगळं त्यांच्या डायरीत असतं. आणि या सगळ्याहून मोठं काम फोटोंचं. कॉलेजचा दर्जा ठरवणारी नॅकची समिती कधीतरी येणार, तिला पुरावा लागणार, आणि पुरावा म्हणजे जिओ-टॅग असलेला फोटो. नुसती कुस्ती झाली याला किंमत नाही. ती अमुक अक्षांशावर झाली पाहिजे.

त्यामुळं होतं असं. एका पोरानं धोबीपछाडीसाठी दुसऱ्याला खांद्यावर घेतलेलं असतं. आता आपटणार, एवढ्यात पीडी सरांची आरोळी येते, "होल्ड! हलू नका!" सर मोबाइल धरून उभे. पडद्यावर गोल फिरतोय. खालच्या पोराचे गुडघे लटलटायला लागतात, मानेची शीर तट्ट फुगते.

"लोकेशन आलं नाही अजून."

वरचा पोरगा, डोकं खाली पाय वर अशा अवस्थेत, अदबीनं विचारतो, "सर, उतरू का?"

"तू राहा रे. तूच तर नीट दिसलालास."

शेवटी लोकेशन येतं. ते शेजारच्या तालुक्याचं निघतं. पुन्हा होल्ड.

दुसरा नग एनआयएस. याला नाव असतं, पण ते आईवडिलांखेरीज कुणी वापरत नाही. पटियाळ्याची राष्ट्रीय क्रीडा संस्था, म्हणजेच एनआयएस, 1961 ची, महाराजांच्या मोतीबाग महालात भरते. तिथला सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्स हा करून आलेला. सहाच आठवडे, पण "मी पटियाळ्याला असताना" यानं सुरू होणारी त्याची वाक्यं मोजली तर माणूस तिथंच जन्मून तिथंच वारला असावा असं वाटतं. अंगात निळा ट्रॅकसूट, पाठीवर 'इंडिया', गळ्यात शिट्टी आणि स्टॉपवॉच. मे महिन्यात भालकीत ट्रॅकसूट घालून उभं राहणं हाच मुळी एक व्यायाम आहे, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. सरावानंतर स्नायूंना थंडावा हवा म्हणून त्यानं आइस बाथ सुचवला. बर्फ आणायचा कुठून? रसवंतीवाल्याकडून अर्धी लादी आणली, हौदात टाकली, आणि पोरांची पाळी येईपर्यंत पीडी सरांनी त्यातली निम्मी पाहुण्यांच्या सरबताला वळती केली.

तिसरे वस्ताद. यांच्याजवळ जरा थांबायला हवं.

वस्तादांचे दोन्ही कान मोडलेले, चुरगाळून गाठ मारल्यासारखे. या कानांनी त्यांना पाहिजे तेवढंच ऐकू येतं. डोक्याला पटका, खिशात लिंबू आणि कागदाच्या पुडीत खानापूरच्या मैलार मल्लण्णाचा भंडारा. पहिल्या दिवशी ते मॅटला नमस्कार करतात आणि कोपऱ्यात चिमूटभर भंडारा टाकतात. एनआयएस ओरडतो, "वस्ताद, कव्हर खराब होईल!" वस्ताद थंडपणे सांगतात, "देवानं कुणाचं खराब केलंय?" आणि दुसरी चिमूट टाकतात. तालमीची लाल माती म्हणजे ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मुरवलेली वस्तू. रबराच्या गादीत काय मुरवणार? हा त्यांचा मूळ सल. खिशातलं लिंबू त्याच आठवणीचं असावं. त्याचा शिबिरात काहीच उपयोग होत नाही, पण ते घरी राहत नाही.

वस्तादांची थोरवी कळायला जरा भूगोल लागतो. 1956 ची राज्य पुनर्रचना होईपर्यंत निलंगा, उदगीर, अहमदपूर आणि भालकी हे सगळं एकाच बीदर जिल्ह्यात होतं. मग रेघ पडली. ते तिघं तिकडं, आजच्या महाराष्ट्रात गेले, भालकी इकडं, आजच्या कर्नाटकात राहिली. निलंगा तालुक्यातलं रामलिंग मुदगड हे हरिश्चंद्र बिराजदारांचं गाव. बिराजदार म्हणजे 1969 चे महाराष्ट्र केसरी, पुढं रुस्तम-ए-हिंद, आणि नंतर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवणारा माणूस. तेव्हा वस्तादांच्या हिशेबानं बिराजदार आपल्याच जिल्ह्याचे. मधली रेघ सरकारची, कुस्तीची नव्हे. या पट्ट्यात साठी ओलांडलेला एकही वस्ताद मला असा भेटलेला नाही, ज्याची बिराजदारांशी एक कुस्ती बरोबरीत सुटलेली नाही. सगळ्यांचं खरं धरलं, तर बिराजदारांना कोल्हापूर-पुण्याला जायला सवड कधी मिळाली असेल, हा प्रश्नच आहे.

वस्ताद आणि एनआयएस यांची पहिली खडाखडी ठरलेली.

"मोतीबागेत आम्हाला असं शिकवत नव्हते," एनआयएस म्हणतो.

वस्तादांचे कान टवकारतात. त्यांना ठाऊक असलेली मोतीबाग कोल्हापूरची. "तू मोतीबागेत होतास?"

"पटियाळ्याच्या."

"माती कसली हाय तिथं?"

"महाल आहे तो, वस्ताद."

"महालात काय कुस्ती करलालास? नाचलालास म्हण."

एनआयएस मग हुकमाचं पान काढतो. द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाले 1985 साली, आणि पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे कोच भालचंद्र भास्कर भागवत होते; सरकारनंसुद्धा कोचिंग हे शास्त्र मानलंय. यावर वस्ताद म्हणतात, "द्रोणाचार्यानं अंगठा मागितला होता. मी नुसतं पहाटे पाचला या म्हणलालो, तर तेवढं जमेना तुमच्या पोरांला."

पोरांचे हाल खरे होतात ते झटापटीच्या वेळी. तीन बाजूंना तीन कोच. वस्ताद ओरडतात, "पट काढ, पट!" एनआयएस ओरडतो, "सिंगल लेग! सिंगल लेग!" पीडी सर कन्नडमध्ये "हिडी, हिडी!" करतात, आणि खिडकीत बसलेला कुणीतरी "छोड नक्को रे!" म्हणून दख्खनी भर घालतो. चौघंही एकच सांगत असतात, पण पोरगं चारही दिशांना बघतं आणि तेवढ्यात उताणं पडतं. मग वस्तादांचा ठेवणीतला प्रश्न : "झोपलालास का कुस्ती करलालास?"

खुराकावर एक अख्खा दिवस जातो. वस्तादांची यादी बदाम, खसखस, बडीशेप, मिरे यांच्या थंडाईपासून सुरू होऊन साजूक तुपाला पोचते. एनआयएसला प्रोटीन पावडर आणि उकडलेली अंडी हवीत. निम्मी पोरं लिंगायत घरची, ती अंडं म्हटलं की दाराकडं बघतात. पीडी सर दोन्ही याद्या आदरानं डायरीत उतरवून घेतात आणि भिजवलेले हरभरे आणतात. सोबत एक केळं. बीदर जिल्ह्यात डाळींना तोटा नाही, आणि बजेटमध्ये बसणारा बदाम अजून पिकलेला नाही.

पैशांवरून आठवलं. उद्घाटनाच्या भाषणात पीडी सर दरसाल खाशाबा जाधवांची गोष्ट सांगतात. 1952 साली हेलसिंकीला जायला खाशाबांकडे पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले, आणि खाशाबांनी कांस्यपदक आणलं. 'प्राचार्य' आणि 'घर गहाण' या शब्दांवर पीडी सर किंचित थांबतात आणि व्यासपीठावर मधल्या खुर्चीकडं बघतात. मधल्या खुर्चीतले साहेब त्या क्षणी नेमके पंख्याकडं बघत असतात.

आता मुलीही शिबिराला येतात. पहिल्या दिवशी वस्तादांनी लंगोटाची शिस्त, मारुतीचा आखाडा वगैरे बरंच ऐकवलं. आठवड्यात त्यांनीच एका पोरीला पुढं ओढून सगळ्यांना सांगितलं, "ढाक हिच्याकडून बघा. ही एकटीच ऐकून घेलालीय." याबद्दल त्यांना कुणी छेडलं तर मोडके कान कामाला येतात.

समारोपाला प्रात्यक्षिक होतं. वस्तादांनी एनआयएसवर ढाक लावून दाखवायची, असं ठरलं. दाखवायचंच होतं, पण हॉल भरलेला, दोघांचे चेले समोर बसलेले. वस्तादांनी मान धरली ती धरलीच. या वयात ती पकड बघून पोरं शिट्ट्या विसरली. वस्ताद रेटत निघाले, एनआयएस मागं सरकत नारिंगी पट्ट्यापर्यंत गेला आणि ऐन वेळी बाजूला झाला. वस्तादांचा उजवा पाय मॅट सोडून थेट फरशीवर पडला. पीडी सरांनी शिट्टी वाजवून एक बोट वर केलं.

"एक काय?"

"एक पॉइंट, वस्ताद. पाय बाहेर गेला."

"पाय गेला ना? पाठ कुठं लागली?"

पाऊण तास वाद झाला. नियमाचं पुस्तक आलं, ते वस्तादांनी उघडूही दिलं नाही. पाहुण्यांच्या शाली घामानं भिजल्या. शेवटी पीडी सरांनी रजिस्टरात 'निकाल : मार्गदर्शनपर' असं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या आणि त्या सह्यांचाही जिओ-टॅग फोटो काढला.

तेव्हापासून बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहा प्यायला बसलं, की वस्ताद सदरा वर करून कुणालाही पाठ दाखवतात. "बघ, माती लागलीय का कुठं?"

मॅटवर माती कुठनं येणार, हे त्यांना एकदा एनआयएसनंच विचारलं.

"तेच तर सांगलालो की मी!" वस्ताद म्हणाले आणि चहाचे पैसे त्याला द्यायला लावले.