दाबणारे मास्तर

पाचूबंदरच्या हळदीत कीबोर्डवर बसेल तो मास्तर, मग शाळेचं तोंड पाहिलेलं असो वा नसो. आमच्या मास्तरांचं अर्धं आयुष्य डोल ओढण्यात गेलं. भरलेल्या जाळ्याची दोरी सुटू द्यायची नाही, ही सवय बोटांनी होडीतून थेट मांडवात आणली. पट्टी तळाला टेकली तरी मास्तर दाबतच राहतात. नवऱ्याची आई नाचायला उठली की आणखी जोर.

मास्तरांचा कीबोर्ड मात्र चुगलखोर. टेकलेल्या पट्टीवर बोट किती रेटतंय, हे तो शून्य ते १२७ अशा मापात सांगत सुटतो. हाच आफ्टरटच. वाद्यं एकमेकांना जोडणाऱ्या, १९८३ पासूनच्या मिडीच्या केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. सूर सुरू करायचा निरोप तीन बाइटचा, म्हणजे जेमतेम एक मिलिसेकंद. दाबाचा निरोप दोनच बाइटचा, पण बोटाचा जोर जरा हलला की नवा. सूर एक, चुगल्या शेकडो. त्यात बहुतेक कीबोर्डांना दाब कुठल्या पट्टीवर आहे हे कळत नाही. करंगळी रेटली तरी अख्खा कॉर्ड थरथरतो.

ट्रॅक बनवणारा भाचा लॅपटॉपपुढे डोकं धरून बसतो. "मामा, हलकं धर ना जरा!"

"हलकं धरून भाव येतो काय रे?"

खोटं कशाला बोला, सनईच्या आवाजात मास्तरांचा तो दाब खरंच काळजाला हात घालतो. ढोलकीच्या आवाजात कशाला, हे विचारायची सोय नाही.

भाच्याने आधी सेन्सिटिव्हिटी उतरवली. मास्तरांनी जोर चढवला. मग रेकॉर्डिंगला फिल्टर लावला: सूर आत, दाब बाहेर. पण स्टेजवरची थरथर तशीच, कारण ती कीबोर्डच्या पोटातली. शेवटी हळदीच्या दिवशी त्याने गुपचूप सेटिंगमध्ये जाऊन आफ्टरटचच बंद केला.

पहिल्याच गाण्याला मास्तरांनी सूर धरला. थरथर नाही. दाबलं. नाही. अंगठ्यावर सगळं वजन टाकलं, स्टँड कलला, खालचा पाट सरकला. मास्तरांनी मान वळवून जनरेटरवाल्याला हाक मारली, "करंट कमी सोडलास काय रे?"

जनरेटरवाला मुरलेला. "वाढवतो, मास्तर!" म्हणाला आणि मांडवामागे बिडी ओढायला गेला.

दोन गाणी झाल्यावर मास्तर खूश. "आता कसा बरोबर येतोय!"

भाचा खाली बघून वायरी गुंडाळत होता.