वहिवाट आणि वादळ

संकटसमयी कुटुंबाने घर सोडून कोणत्या मार्गाने, कोठे व काय बरोबर घेऊन जावे, याचा आराखडा आगाऊ तयार ठेवावा, असा उपदेश दरवर्षी मृगाच्या सुमारास रत्नागिरीकरांना केला जातो. आणि ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळींची केलेली दैना, अथवा पुढच्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलेली वाशिष्ठी ज्याने पाहिली, तो या उपदेशास नावे ठेवण्यास धजणार नाही. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरण आहे. उणीव एवढीच, की कायदा करणाऱ्यांनी कोकणातल्या सामाईक घराचा उतारा कधी डोळ्यांखालून घातलेला दिसत नाही.

मिऱ्याच्या समुद्राकडे पाठ करून बसलेल्या आमच्या घराचा आराखडा सिद्ध करण्याची कामगिरी साहजिकच आबाकाकांकडे आली, कारण महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यापासून मसुदा करण्याजोगे काहीच त्यांच्या हाती लागले नव्हते. मसुद्याचे पहिलेच कलम असे, की सदरहू स्थलांतर निव्वळ तात्पुरते असून त्यायोगे कोणाही हिस्सेदाराच्या वहिवाटीस, कब्ज्यास अथवा हक्कास बाधा येणार नाही. माणसे कोणत्या दाराने बाहेर पडणार, हा विषय अकराव्या कलमात आहे.

सर्वांत शेवटी कोणी बाहेर पडावे, यावर मात्र दोन संध्याकाळी खर्ची पडल्या. शेवटी जाणाऱ्याच्या हाती कुलूप आणि किल्ली राहणार, आणि किल्ली ज्याच्या हाती त्याचा कब्जा, हे लहान मुलांनाही ठाऊक असल्यामुळे, एरवी वाऱ्याने झावळी पडली तरी रामरक्षा म्हणू लागणाऱ्या धाकट्या काकांनी वादळात एकट्याने मागे राहण्याची तयारी दर्शविली, तेव्हा त्या वीरवृत्तीचे कौतुक करण्याऐवजी काकू एवढेच म्हणाल्या, “भावोजी, राहणार असाल तर आम्हीही राहतो.” डोंबिवलीच्या चुलतभावाने दूरध्वनीवरून हरकत नोंदविली, की पाणी उंबऱ्याला लागले तरी पडवीलगतची खोली आपल्या गैरहजेरीत कोणी रिकामी करू नये.

बरोबर न्यावयाच्या वस्तूंत प्रथम क्रमांक पत्र्याच्या ट्रंकेचा. तीत खरेदीखते, वाटणीपत्रे आणि तीन पिढ्यांच्या दाव्यांचे कागद असून, ती उचलण्यास चार माणसे लागतात. वजनाचा अंदाज घ्यावा म्हणून ती उघडली, तो आजोबांच्या वाटणीपत्राचा उजवा अर्धा भाग, म्हणजे नेमका धाकट्या पातीचा हिस्सा, वाळवीने फस्त केलेला. तेव्हापासून घरात जेवणे दोन पंगतींत होतात. त्याखालोखाल देव्हाऱ्यातले टाक, आमसुलांची बरणी आणि सहाव्या क्रमांकावर आजी. ट्रंक आणि आजी एकाच रिक्षात मावत नाहीत, हा पेच अद्याप सुटलेला नाही.

जावे कोठे, हा प्रश्न त्यामानाने किरकोळ होता. उंचावरील नाचण्याला आमचे सख्खे आप्त आहेत, पण त्यांच्याशी बांधावरून बोलणे बंद आहे. आणि सरकारी शाळेत जाऊन बसावे, तर शेजाऱ्यांनी पाहिले म्हणजे काय, हा विचार भरतीच्या लाटेहून अधिक भयप्रद.

येथे आबाकाकांनी नजीर दाखल केली. १८८५ साली थिबा राजाने मंडालेचा राजवाडा सोडला. त्या गडबडीत त्याचे सुप्रसिद्ध माणिक जे गहाळ झाले ते त्याला पुन्हा दिसले नाही, राजवाड्याचा ताबा गेला, आणि १९१६ साली देह ठेवण्याची पाळी आली ती रत्नागिरीस. उलटपक्षी, ‘निसर्ग’ वादळात मिऱ्याच्या किनाऱ्यास लागलेले ‘बसरा स्टार’ जहाज वर्षानुवर्षे तेथून हलले नाही. वहिवाट म्हणजे काय हे ज्या लोखंडास कळले, ते आपल्या घरातल्या सुशिक्षितांस कळू नये, याचा त्यांना विषाद वाटला. (थिब्याने राजवाडा आपखुशीने सोडला नव्हता, ही माझी शंका त्यांनी गैरलागू ठरविली.)

मसुदा सध्या हिस्सेदारांच्या सह्यांसाठी डोंबिवली, पुणे व बडोदे असा फिरत आहे. एक सहीदार मागेच वारले असून त्यांची वारसनोंद प्रलंबित आहे. सबब ती पूर्ण होईपर्यंत बंदरावर कितीही नंबरचा बावटा चढला तरी कोणी घर सोडू नये, असा शेरा आबाकाकांनी लाल शाईने समासात मारून ठेवला आहे.