पाऊणशे ते पाचशे

प्रजाजनाचे अस्तित्व शासनाच्या लेखी नेमके किती आकाराचे असावे, हा जो प्रश्न आजवरच्या तत्त्वचिंतकांनी अनिर्णित ठेवला होता, तो ‘आपले सरकार’ या संकेतस्थळाने एका ओळीत निकालात काढला आहे. छायाचित्र 5 ते 20 केबी, आणि जात, उत्पन्न वा वास्तव्य यांच्या पुराव्यादाखल जोडावयाचा दस्तऐवज 75 ते 500 केबी; यात बसेल तो रहिवासी, बाकीचे उपरे. कमाल मर्यादेचे प्रयोजन समजण्याजोगे आहे. किमान मर्यादेमागील वात्सल्य मात्र खरोखर थोर होय, कारण एखाद्या काटकसरी अर्जदाराने आपला दाखला स्वच्छ, सुवाच्य आणि कृष्णधवल करून 40 केबींत आणलाच, तर तो कुपोषित ठरून परत येतो, आणि त्यास बाळसे यावे म्हणून तोच कागद पुन्हा रंगीत स्कॅन करावा लागतो.

वास्तविक या फुगवट्यात गूढ असे काही नाही. ए-फोर कागद 300 डीपीआयने रंगीत स्कॅन केला की त्याचे सुमारे 87 लक्ष ठिपके होतात, आणि प्रत्येकास तीन बाइट या हिशेबाने अडीच कोटींहून अधिक बाइटांचा ऐवज जमा होतो. 1992 साली प्रमाणित झालेली जेपेग पद्धती या ऐवजाची आठ-बाय-आठ ठिपक्यांच्या चौकटींत वाटणी करून, मानवी नेत्रास ज्यांची उणीव सहसा भासत नाही असे बारकावे खालसा करते. 300 चे 150 केले तर ठिपके चौथाईवर येतात आणि टंकलिखित मजकूर तरीही वाचता येतो. परंतु आमचा अर्जदार दाखला पलंगावरील फुलाफुलांच्या चादरीवर पसरून मोबाइलने त्याची छबी टिपतो, आणि जेपेगला वीण, सुरकुत्या, बारीक नक्षी यांचाच खर्च अधिक येत असल्याने चादरीची फुले केबींवर यथेच्छ ताव मारतात व तहसीलदारांच्या सहीच्या वाट्यास उरलेसुरले येते. कडा आधी कापाव्यात, एवढी साधी सूचना कोणत्याही परिपत्रकात आमच्या पाहण्यात नाही.

मग अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावरचा मुलगा ‘काका, साइज जास्त होतेय’ म्हणतो आणि कसल्याशा फुकट संकेतस्थळावर फाइल सोडून देतो. ज्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र झाले, तलाठ्याचा अहवाल झाला, तो सही-शिक्क्यानिशी कोणत्या परमुलखातील यंत्राची वारी करून आला, याची चौकशी कोणी करीत नाही. परत येतो तेव्हा तो 480 केबींचा असतो. शिक्क्याच्या जागी जांभळा डाग, आणि फेरफार क्रमांकातील अंक तीन की आठ हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. यथावकाश शेरा पडतो : ‘कागदपत्र अस्पष्ट, सबब अर्ज नामंजूर.’

अंकांविषयीचे हे आमचे कुत्सित कल्पनाविलास आहेत, असे कोणी समजू नये. 2013 साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की, झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन करताना जागा वाचविण्यासाठी सारख्या दिसणाऱ्या आकृती एकच मानून परस्पर बदलीत होती. एका नकाशातील 14.13, 21.11 आणि 17.42 चौरस मीटरच्या तीन खोल्या नकलेत सरसकट 14.13 च्या झाल्या, आणि त्याही अगदी सुवाच्य अंकांत. आमच्याकडे हेच काम करण्यास आजवर निदान एक सख्खा चुलतभाऊ आणि एक ओळखीचा कारकून लागत असे.